फाइल पुसली आणि वरच्या थरात एक नवीच वस्तू उगवली : ओव्हरले फाइल सिस्टिमबद्दल

अक्षांश

मंडळी, गेल्या आठवड्यात एक साधा प्रयोग केला, त्यावरून हा धागा. ओव्हरले म्हणजे अनेक डिरेक्टऱ्या थरांसारख्या एकावर एक ठेवून एकच म्हणून दाखवणारी लिनक्समधली सोय. चार रिकामे फोल्डर केले: तळ, वर, काम आणि एकत्र. तळमध्ये तीन फाइली ठेवल्या: नोंदी, यादी, पत्ते. मग रूट होऊन ही आज्ञा दिली (टंकताना अर्थातच रोमन लिपीत):

माउंट -टी ओव्हरले ओव्हरले -ओ लोअरडिर=तळ,अप्परडिर=वर,वर्कडिर=काम एकत्र

एकत्र उघडला तर तिन्ही फाइली हजर. वर उघडला तर रिकामा. आता एकत्रमध्ये जाऊन 'यादी' पुसली. तिथे दोनच उरल्या, ठीक. तळमध्ये डोकावलं तर यादी जागच्या जागी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि मघाशी रिकामा असलेल्या वरमध्ये 'यादी' नावाचं काहीतरी येऊन बसलेलं. एलएस -एल केलं तर ओळीच्या सुरुवातीला 'सी', म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, एरवी उपकरणांसाठी असणारी खास फाइल. परवानग्यांच्या जागी नऊच्या नऊ डॅश. जिथे आकार दिसतो तिथे '०, ०'.

पुसल्यावर काहीतरी कमी व्हायला हवं, इथे एक वस्तू वाढली. हे जे आलं त्याला व्हाइटआउट म्हणतात आणि ते का आलं हे एकदा कळलं की ओव्हरलेच्या बाकीच्या बहुतेक चमत्कारिक वागण्याचा उलगडा होतो, असं माझं मत झालंय.

मूळ नियम एकच: तळाच्या थरात कधीही लिहायचं नाही. वाचायचं, दाखवायचं, पण हात लावायचा नाही. 'एकत्र'मध्ये दिसणारं चित्र डिस्कवर कुठेही साठवलेलं नसतं. तुम्ही एखादं नाव विचारता, तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी वरच्या थरात बघतो, नसेल तर त्याखालच्यात, असं खाली उतरत जातो. फाइल असेल तर जिथे पहिल्यांदा सापडली तीच खरी. डिरेक्टरी असेल तर मात्र थांबत नाही. सगळ्या थरांतल्या त्या नावाच्या डिरेक्टऱ्या गोळा करतो आणि त्यांतली नावं एका यादीत मिसळून दाखवतो.

आता पुसायचं आहे, पण तळाला हात लावायचा नाही. मग 'हे नाव नाही' ही गोष्टच वरच्या थरात लिहून ठेवावी लागते. कर्नलला वर ०, ० क्रमांकाचं कॅरेक्टर डिव्हाइस दिसलं की तो शोध तिथेच थांबवतो आणि 'अशी फाइल नाही' म्हणून उत्तर देतो. नकाराची नोंद झाली ती.

ज्यांनी हे रोजच्या कामात हाताळलंय त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. प्रश्नही विचारा.

टिंब

छान सुरुवात. मी हे नेहमी काचेच्या एकावर एक ठेवलेल्या तावांच्या उपमेने समजून घेतलं होतं. वरच्या काचेवर जिथे काही काढलंय तिथे ते दिसतं, मोकळं असेल तिथून खालचं दिसतं. बरोबर ना? मग दोन थरांत एकाच नावाची कॉन्फिग फाइल असेल, खालच्यात दहा ओळी आणि वरच्यात दोनच, तर बारा दिसतील की दहापैकी दोन बदललेल्या दिसतील?

अक्षांश

दोन. खालच्या दहा ओळी पूर्णपणे झाकल्या जातील.

काचेची उपमा इथेच फसवते, म्हणून मला ती फारशी पटत नाही. काचेवर मोकळी जागा सोडली की तिथून खालचं दिसतं. ओव्हरलेत फाइलच्या आत मोकळी जागा असा प्रकार नाही. विलीनीकरण नावांचं होतं, मजकुराचं नाही. डिरेक्टरीवर डिरेक्टरी आली तर त्यांची नावं मिसळतात. फाइलवर फाइल आली तर वरची उरते. वर फाइल आणि खाली त्याच नावाची डिरेक्टरी असेल तर ती अख्खी डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट दिसेनाशी होते.

तुमच्या कॉन्फिगच्या प्रश्नाला एक जुनं, सरळ उत्तर आहे: नावाच्या शेवटी टिंब-डी असलेल्या डिरेक्टऱ्या. एका मोठ्या फाइलऐवजी छोट्या छोट्या फाइलींची डिरेक्टरी ठेवायची आणि प्रोग्रॅमने त्या क्रमाने वाचायच्या. डिरेक्टरी मिसळत असल्यामुळे प्रत्येक थर आपली एकेक फाइल भर घालू शकतो. इमेज (कंटेनर ज्यावरून चालतो तो थरांचा संच, बनवताना एकेका पायरीचा एकेक थर होतो) बनवताना एकाच मोठ्या फाइलमध्ये ओळी घुसडण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी.

कळफलक

+१. आणि गंमत म्हणजे सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणारी प्रणाली) हाच विचार फाइल सिस्टिमशिवाय करतं. यूएसआर-लिबमधल्या युनिट फाइलीवर (सेवेचं वर्णन असलेल्या फाइलीवर) ईटीसीमधली त्याच नावाची फाइल कुरघोडी करते. युनिट 'मास्क' केलं की ईटीसीमध्ये त्या नावाचा, डेव्ह-नलकडे बोट दाखवणारा दुवा तयार होतो. म्हणजे व्हाइटआउटच: मूळ फाइल पुसायची नाही, वर एक नकार लिहून ठेवायचा. शिवाय सिस्टिमडीत सिसएक्स्ट म्हणून सोय आहे, ती तर थेट ओव्हरलेच वापरून यूएसआर आणि ऑप्टवर जादाचे थर चढवते.

सांजवेळ

अक्षांश, एक शंका. डिरेक्टरी पुसून त्याच नावाची नवी केली तर? व्हाइटआउट तर आता राहणार नाही, कारण त्या नावावर खरीखुरी डिरेक्टरी आली. मग खालच्या डिरेक्टरीतल्या जुन्या फाइली परत वर यायला हव्यात!

अक्षांश

अगदी नेमकं बोट ठेवलंत. काही केलं नाही तर तसंच होईल, पुसलेलं सगळं परत येईल. म्हणून अशा नव्या डिरेक्टरीवर एक खूण मारली जाते. विस्तारित गुणधर्म, म्हणजे एक्सअ‍ॅट्रमध्ये 'ट्रस्टेड.ओव्हरले.ओपेक' नावाची नोंद होते आणि तिची किंमत असते 'वाय'. अशी खूण दिसली की कर्नल त्या डिरेक्टरीपुरता खाली उतरतच नाही. तिला अपारदर्शक डिरेक्टरी म्हणू.

करून बघा: एकत्रमध्ये एक डिरेक्टरी पुसा, पुन्हा बनवा, आणि रूट होऊन वरमधल्या त्या डिरेक्टरीवर गेटफॅटर चालवा. 'ट्रस्टेड'पासून सुरू होणारे गुणधर्म दाखवायला त्याला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो फक्त 'यूझर'वाले दाखवतो आणि आपल्याला वाटतं काहीच नाही. मी पहिल्यांदा त्यातच अडकलो होतो.

निमित्तमात्र

हे सगळे गुणधर्म वरच्या फाइल सिस्टिमला साठवता आले पाहिजेत, हे विसरू नका. अप्पर म्हणून एनएफएस दिलं तर चालत नाही. एक्सएफएस असेल तर ते एफटाइप=१ ने फॉरमॅट केलेलं हवं, म्हणजे डिरेक्टरी वाचतानाच प्रत्येक नावापुढे त्याचा प्रकार कळतो. जुनी मशीनं उचलताना आम्ही यावर एक पूर्ण दिवस घालवला, कारण ते नंतर बदलता येत नाही, पुन्हा फॉरमॅटच करावं लागतं.

दूरची वाट

मला अजून ते 'काम' फोल्डरचं कोडं सुटलेलं नाही. तळ कळला, वर कळला, एकत्र कळला. वर्कडिर कशाला? तो नेहमी रिकामाच दिसतो. शिवाय तो वेगळ्या डिस्कवर दिला तर माउंट नकार देतं.

अक्षांश

हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा एकत्रमधली 'नोंदी' फाइल तुम्ही एडिटरमध्ये उघडून शेवटी एक ओळ लिहिली. नोंदी आहे तळमध्ये. तळात लिहायचं नाही. म्हणून लिहिण्यासाठी उघडल्याक्षणी कर्नल ती फाइल अख्खीच्या अख्खी वर आणतो. याला कॉपी-अप म्हणतात. त्या फाइलकडे जाणाऱ्या डिरेक्टऱ्या वर नसतील तर आधी त्या बनवतो. मग फाइल आणतो, सोबत मालक, परवानग्या, वेळा, गुणधर्म सगळं आणतो. त्यानंतरच तुमची ओळ लिहिली जाते, आणि ती वरच्या प्रतीत.

आता मोठी फाइल अर्धी वर आली आणि वीज गेली असं समजा. ती अर्धी फाइल सरळ 'वर'मध्ये बनत असती, तर मशीन परत सुरू झाल्यावर नियमाप्रमाणे वरची फाइल खरी ठरली असती. म्हणजे अर्धवट प्रत दिसली असती आणि तिच्याखाली झाकलेली पूर्ण फाइल कुणाच्याच नजरेस आली नसती. तळाला कुणी हात न लावताही मजकूर गेला असता.

म्हणून प्रत आधी 'काम'मध्ये तयार होते. पूर्ण झाली, सगळे गुणधर्म बसले, की एका झटक्यात रिनेम करून 'वर'मध्ये तिच्या जागी जाते. एकाच फाइल सिस्टिमवरचं रिनेम अखंड असतं: एक तर झालेलं असतं किंवा झालेलंच नसतं, मधली अवस्था दिसत नाही. दोन वेगळ्या फाइल सिस्टिमींमध्ये असं रिनेम होऊच शकत नाही. वर्कडिर अप्परच्याच फाइल सिस्टिमवर हवा ही अट त्यासाठी. डिरेक्टरीच्या जागी व्हाइटआउट ठेवताना किंवा व्हाइटआउटच्या जागी डिरेक्टरी आणतानाही हीच अदलाबदल कामी येते.

आणि तो अगदी रिकामा नसतो बरं. रूट होऊन 'काम'मध्ये बघा, आत 'वर्क' नावाची एक डिरेक्टरी असते, परवानग्या शून्य. आत एरवी काही नसतं कारण तिथे वस्तू क्षणभरच थांबतात.

दूरची वाट

आता लख्ख कळलं. 'अर्धी फाइल वरची म्हणून खरी ठरेल' हे वाक्य वाचलं आणि सगळं जागेवर बसलं. धन्यवाद.

कळफलक

कॉपी-अपबद्दल दोन गोष्टी जोडतो. ते लिहिल्यावर नाही, लिहिण्यासाठी उघडल्यावर होतं. प्रोग्रॅमने फाइल वाचन-लेखनासाठी उघडली आणि एकही बाइट न लिहिता बंद केली, तरी प्रत वर आलेली असते.

दुसरं, नुसते मालक किंवा परवानग्या बदलल्या तरी मुळात पूर्ण फाइल वर यायची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कर्नल ४.१९ पासून मेटाकॉपी नावाचा ऑप्शन आहे. तो चालू असेल तर फक्त मालक-परवानग्यांसारखी माहिती वर येते आणि मजकूर खालूनच वाचला जातो. आणि अप्पर-लोअर एकाच फाइल सिस्टिमवर असतील, आणि ती बीटीआरएफएससारखी रीफ्लिंक करणारी असेल, तर प्रत म्हणजे खरंतर त्याच ब्लॉकांकडे बोट दाखवणं होतं. मग कितीही मोठी फाइल असली तरी पटकन होतं.

रानवारा

कळफलक यांच्या दुसऱ्या मुद्द्याने आमची एक इमेज जवळपास दुप्पट झाली होती. एका पायरीत मोठा डेटा आणला आणि पुढच्या पायरीत सबंध डिरेक्टरीवर, आतल्या सगळ्यासकट, चौन (मालक बदलणारी आज्ञा) चालवलं. एकाही फाइलचा मजकूर बदलला नव्हता, फक्त मालक बदलला. पण नव्या थरात प्रत्येक फाइल पूर्ण उतरली. आणतानाच मालक ठरवून आणला तेव्हा आकार जागेवर आला. कॉपी करण्याच्या सूचनेला चौनचा पर्याय असतो, तो वापरा.

ओसरी

माझा अनुभव जास्त गंभीर आहे, म्हणून लिहिते. नाव घेत नाही, पण मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे इमेज बनवताना एका पायरीत खासगी किल्ली आत आणली जायची, तिच्या जोरावर कोड उतरवला जायचा आणि पुढच्या पायरीत ती किल्ली आरएमने पुसली जायची. कंटेनर चालू करून शोधलं तर किल्ली कुठेच नाही. सगळे निर्धास्त.

एक दिवस इमेज टार करून सेव्ह केली आणि थर वेगवेगळे उघडले. एका थरात किल्ली जशीच्या तशी. त्याच्या वरच्या थरात तिच्या नावाची रिकामी फाइल, नावाच्या आधी टिंब-डब्ल्यूएच-टिंब. ती इमेज ज्यांच्या ज्यांच्याकडे गेली होती त्या प्रत्येकाकडे किल्ली गेली होती. त्या दिवशी सगळ्या किल्ल्या बदलल्या. मी त्या रात्री घरी गेले नाही, आणि आजही कुणाच्या डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये) असं आरएम दिसलं की मी थांबवून सांगते.

अक्षांश

ओसरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वाचणाऱ्यांनी हा प्रतिसाद सोडू नये.

तुम्ही जे टिंब-डब्ल्यूएच पाहिलंत त्याबद्दल थोडं: टारमध्ये पाठवायच्या थरांत व्हाइटआउट कॅरेक्टर डिव्हाइस म्हणून ठेवत नाहीत, नावाला तो उपसर्ग लावलेली रिकामी फाइल ठेवतात. ही पद्धत ऑफ्स या ओव्हरलेआधीच्या थर-प्रणालीकडून आली आणि कंटेनर इमेजांच्या ओसीआय प्रमाणकात तशीच राहिली. अपारदर्शक डिरेक्टरीसाठीही तशीच एक खास नावाची फाइल असते. मशीनवर इमेज उतरली की ओव्हरले वापरणारा ड्रायव्हर त्यांचं कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये आणि गुणधर्मात रूपांतर करतो. कल्पना तीच, दोन लिप्यांत लिहिलेली.

किल्लीसाठी उपाय: बिल्डकिटमध्ये (डॉकरच्या इमेज बांधणाऱ्या साधनात) सीक्रेट माउंट असतो, तो त्या पायरीपुरताच दिसतो आणि कुठल्याही थरात उतरत नाही. किंवा मग दोन टप्प्यांची बांधणी, जिथे शेवटच्या इमेजमध्ये फक्त तयार फाइली आणल्या जातात.

सांजवेळ

याच कारणाने 'शेवटच्या पायरीत पॅकेजांचा कॅश पुसला तरी इमेज लहान का होत नाही' हेही आज कळलं. पुसलं म्हणजे वर नकार लिहिला, खाली जागा तशीच अडलेली. उतरवणं आणि पुसणं एकाच पायरीत केलं तरच उपयोग, कारण मग तो कॅश कुठल्याही थरात गोठतच नाही.

निमित्तमात्र

राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटीतही अगदी हेच. मूळ प्रणाली स्क्वॉशएफएसमध्ये, फक्त वाचण्यापुरती, ती 'रॉम' म्हणून दिसते. तुमचे बदल वेगळ्या, लिहिता येणाऱ्या भागात, त्याचं नावच 'ओव्हरले'. जागा कमी म्हणून सोबत आलेलं पॅकेज काढून टाकलं तर जागा सुटत नाही. उलट ते अद्ययावत केलं तर नवी प्रत वर बसते आणि जुनी खाली राहतेच. पण याच रचनेमुळे फॅक्टरी रीसेट इतका सोपा होतो: वरचा भाग रिकामा केला की मूळ प्रणाली जशीच्या तशी समोर येते. लाइव्ह सीडी-पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचंही तेच, फक्त वरचा थर रॅममध्ये, म्हणून मशीन बंद केलं की सगळं गेलं.

वाटसरू

नवीन आहे, चुकलं तर सांगा. माझ्याकडे तीन डिस्क आहेत. तिन्हींतले फोटो एकाच फोल्डरमध्ये दिसावेत आणि नवीन फोटो जिथे जागा असेल तिथे जावेत. ओव्हरले वापरू?

कळफलक

नाही, तुमचं काम वेगळं आहे. ओव्हरलेत लिहिणं नेहमी एकाच वरच्या थरात होतं, बाकीच्या दोन डिस्क नुसत्या वाचल्या जातील. आणि त्यांच्यावरचा फोटो पुसलात तर जागा सुटणार नाही, व्हाइटआउट बनेल. तुम्हाला मर्जरएफएस हवंय. तेही अनेक डिरेक्टऱ्या एक करून दाखवतं, पण त्यात सगळ्या शाखा बरोबरीच्या असतात. फाइल कुठे बनवायची ते तुम्ही दिलेल्या धोरणावर ठरतं, पुसलं तर खरोखर पुसलं जातं. फ्यूजवर, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममधून, चालतं.

वाटसरू

कळलं, तेच बघतो. धन्यवाद.

टिंब

ही कल्पना मुळात कुणाची? डॉकरवाल्यांची नक्कीच नसणार.

निमित्तमात्र

डॉकर २०१३ चं, कल्पना त्याहून बरीच जुनी. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ मध्ये बाइंड आज्ञेने एका डिरेक्टरीच्या आधी किंवा नंतर दुसरी जोडता यायची. तिथे पाथ नावाच्या चलाची (प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे त्या यादीची) फारशी गरजच उरली नाही: वेगवेगळ्या ठिकाणचे प्रोग्रॅम 'बिन'वर जोडले की झालं. पण ते मिसळणं एकाच पातळीपुरतं, आतल्या डिरेक्टऱ्या मिसळत नसत. व्हाइटआउट नाही, आणि दोन्हीकडे एकच नाव असेल तर यादीत ते दोनदा दिसायचं. मला ते फार प्रामाणिक वाटतं, कारण त्यांनी अवघड भाग सोडून दिला आणि जेवढं केलं ते अगदी स्वच्छ केलं.

४.४बीएसडीमध्ये युनियन माउंट आला, त्यावरचा पेंड्री आणि मॅक्युझिक यांचा लेख १९९५ चा. त्यात व्हाइटआउट होते. मग स्टोनी ब्रुक विद्यापीठात एरेझ झाडोक यांच्या गटाने युनियनएफएस केलं, त्यात एकापेक्षा जास्त शाखांत लिहिता यायचं. २००६ मध्ये जुनजिरो ओकाजिमा यांनी ऑफ्स सुरू केलं. डॉकर सुरुवातीला ऑफ्सवरच चालायचं. पण यांतलं एकही लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेलं नाही.

अक्षांश

आणि गेलं ते मिक्लोश सेरेदी यांचं ओव्हरलेएफएस, कर्नल ३.१८ मध्ये, डिसेंबर २०१४. मला यातली शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी मागण्या कमी केल्या. लिहायचं एकाच थरात. बाकीचे फक्त वाचायचे. थर चालू असताना जोडायचे-काढायचे नाहीत. पहिल्या आवृत्तीत तर खालचाही एकच थर होता. अनेक खालचे थर ४.० मध्ये, एप्रिल २०१५ ला आले. युनियनएफएस-ऑफ्स यांच्या मानाने हे फारच थोडं, पण तेवढ्यामुळे कोड वाचून कुणालाही पटवून घेता येईल इतका लहान राहिला.

जाता जाता, अनेक लोअर देताना कोलनने जोडायचे आणि सर्वांत डावीकडचा सर्वांत वर. हे बऱ्याच जणांचं उलटं होतं. 'आधी पाया, मग वरचे' असं मनात धरून लिहिलं की जुनी फाइल नवीला झाकते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

रानवारा

डॉकरच्या ओव्हरले२ फोल्डरमध्ये 'एल' नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात छोट्या छोट्या विचित्र नावांचे दुवे. ते कशाला, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. माउंटला द्यायच्या ऑप्शनांची एकूण लांबी मेमरीच्या एका पानात, साधारण ४०९६ बाइटांत मावावी लागते. प्रत्येक थराचं पूर्ण नाव लांबलचक हॅश असतं, त्यामुळे थोड्याच थरांत ती मर्यादा संपेल. म्हणून आखूड नावाचे दुवे. ओव्हरले२ ला १२८ खालचे थर चालतात ते यामुळे.

ओसरी

एक प्रश्न माझाही. माउंट चालू असताना कुणी सरळ तळमधली फाइल बदलली तर? आमच्याकडे एकाने घाईत तसं केलं होतं. काही प्रोसेसना नवी दिसली, काहींना जुनी, आणि एका डिरेक्टरीच्या यादीत नाव होतं पण उघडायला गेलं की 'सापडत नाही'.

अक्षांश

कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय: माउंट चालू असताना खालचे किंवा वरचे थर थेट बदलायचे नाहीत. बदललेत तर काय दिसेल याची कसलीच हमी नाही. मशीन कोसळणार नाही किंवा अडकून बसणार नाही, एवढंच आश्वासन आहे. कारण साधं आहे. कर्नल पुन्हापुन्हा शोध नको म्हणून नावांची उत्तरं लक्षात ठेवतो, आणि मिसळलेली यादीही. तळाला कुणी हात लावणार नाही हे त्याने गृहीत धरलेलं असतं, म्हणून मागे वळून तपासत नाही. बदल नेहमी 'एकत्र'मधून करा. तळच बदलायचा असेल तर आधी माउंट काढा.

सांजवेळ

वाचनासाठी आधीच उघडलेल्या फाइलचं काय? समजा एका प्रोसेसने नोंदी वाचायला उघडली, ती तळातली. मग दुसऱ्याने लिहायला उघडली, कॉपी-अप झालं. पहिल्याच्या हातात तर तळातली फाइल आहे.

कळफलक

जुन्या कर्नलांत हे खरोखर व्हायचं. पहिला कायम जुनंच वाचत राहायचा. टेल -एफ लावून बसलं तर नव्या ओळी कधी यायच्याच नाहीत. पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या आरपीएमच्या डेटाबेसला याचा फटका बसायचा, म्हणून पॅकेजं बसवणाऱ्या यमसाठी एक खास प्लगइन होतं. ते आधीच त्या फाइलींना टच करून वर आणून ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना एकच प्रत मिळेल.

४.१९ मध्ये यावर मोठं काम झालं. आता वाचताना ओव्हरले तपासतं की फाइल मधल्या काळात वर आली का, आणि आली असेल तर वरचीच वाचतं. एक कोपरा अजून उरलाय: खालच्या थरातली फाइल वाचनासाठी उघडून शेअर्ड एममॅप केली (मेमरीत जोडून घेतली) असेल, तर नंतरचे बदल त्या मॅपमध्ये दिसत नाहीत.

रानवारा

आणि डिरेक्टरीचं नाव बदलणं राहिलं. तळातून आलेली डिरेक्टरी रिनेम करायला गेलं तर ओव्हरलेचा रीडिरेक्ट हा ऑप्शन चालू नसताना ईएक्सडेव्ह ही चूक परत येते, जणू दोन वेगळ्या डिस्कमध्ये हलवतोय. एमव्ही आज्ञा निमूटपणे सगळं कॉपी करून जुनं पुसते, त्यामुळे आपल्याला फक्त वेळ लागलेला जाणवतो. पण आपला प्रोग्रॅम स्वतः रिनेम हाक मारत असेल तर तो तिथेच फसतो. माझा फसला होता, तेव्हा शोधलं.

दूरची वाट

मग डेटाबेस कंटेनरच्या आतल्या थरात ठेवू नका म्हणतात ते या कॉपी-अपमुळेच ना?

अक्षांश

ते एक कारण. मोठी फाइल इमेजमधून आलेली असेल तर पहिल्याच लिहिण्याला ती अख्खी वर येणार. दुसरं, कंटेनर काढला की त्याचा वरचा थरही जातो. व्हॉल्यूम ओव्हरलेच्या बाहेर, वेगळा माउंट असतो, त्याला यांतलं काही लागू नाही. वारंवार बदलणारं सगळं तिकडेच ठेवा.

मात्र वाचण्याच्या बाबतीत ओव्हरलेचा मोठा फायदा आहे, तो सांगायचा राहिला होता. एकाच इमेजवरून पन्नास कंटेनर चालवले तरी सगळ्यांचा तळ एकच, म्हणजे लायब्रऱ्यांची फाइल डिस्कवर एक आणि पेज कॅशमध्येही (मेमरीतल्या प्रतीतही) एकच. तळाला कुणी हात लावत नाही म्हणूनच तो पन्नास जणांना निर्धास्त वाटून देता येतो.

टिंब

रूट नसताना हे करून बघता येईल का? कामाच्या मशीनवर मला रूट नाही.

कळफलक

कर्नल ५.११ किंवा पुढचा असेल तर येईल. फेब्रुवारी २०२१ पासून यूझर नेमस्पेसच्या आत, म्हणजे जिथे आपण आपल्यापुरते रूट असतो अशा वेगळ्या कप्प्यात, साध्या वापरकर्त्यालाही ओव्हरले माउंट करता येतं. अनशेअरने नवा यूझर आणि माउंट नेमस्पेस उघडा, रूटचं मॅपिंग मागा आणि आत अक्षांश यांचीच आज्ञा द्या. सोबत यूझरएक्सअ‍ॅट्र हा ऑप्शन जोडा, म्हणजे खुणा 'ट्रस्टेड'ऐवजी 'यूझर'खाली लिहिल्या जातील. 'ट्रस्टेड' लिहायची परवानगी तुम्हाला नसते. त्याहून जुन्या कर्नलवर फ्यूज-ओव्हरलेएफएस आहे.

टिंब

केलं! तळमध्ये तीन फाइली, एकत्रमधून एक पुसली, आणि वरमध्ये तो 'सी' आला. ०, ०. मग आणखी एक केलं: माउंट काढून वरमधला तो 'सी' हातानेच पुसला आणि पुन्हा माउंट केलं. एकत्रमध्ये 'यादी' परत हजर, आतल्या सगळ्या ओळींसकट.